काकांचा चष्मा

ताईचा धंदा कवळ्या करण्याचा. गावातल्या तीन दंतवैद्यांकडून तोंडाचे ठसे यायचे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत, खिडकीला टेकवलेल्या टेबलाशी बसून, ताई त्यांचे दात करून परत पाठवायची. मागच्या खोलीत स्वयंपाक, झोप आणि फोन. पस्तीस वर्षांत मेणाचा आणि प्लास्टरचा वास भिंतींत इतका मुरला होता की जिना चढून येणारा माणूस दारातच नाकाला रुमाल लावायचा. अर्थात, जिना चढून येतो कोण म्हणा. ठसे आणणारा आणि मीटर बघणारा, संपली यादी.

अशा या घरी एका मंगळवारी दुपारी मालिकावाले आले. एक लेखक होता, ढेरपोट्या, तिसऱ्या मजल्यापर्यंत येता येता घामाघूम झालेला. दुसरी, माहिती गोळा करणारी मुलगी, हातात जाडजूड वही. काकांच्या आयुष्यावर टीव्हीवर मोठी मालिका येणार होती, अठरा भागांची, आणि काकांची थोरली मुलगी अजून हयात आहे, कवळ्या करते, हे त्यांना कुठून तरी कळलं होतं.

काका म्हणजे ताईचे वडील. सगळा देश त्यांना काका म्हणायचा, म्हणून घरातली दोन पोरंही काकाच म्हणायला लागली. कोणी तसं शिकवलं नव्हतं. घरात दिवसभर जो तो काका काका करत यायचा, त्यात 'बाबा' म्हणून हाक मारली असती तर काकांनी तरी वळून पाहिलं असतं की नाही, कोण जाणे. त्या काळी खालच्या वस्तीतल्या माणसाला दिवस मावळल्यावर शहरात दिसायचं असेल तर खिशात मालकाच्या सहीची चिठ्ठी लागायची. चिठ्ठी नसली की रात्र कोठडीत. तो कायदा काकांनी मोडून काढला. त्यासाठी चार वेळा तुरुंगात गेले, बरगड्या मोडून घेतल्या, आणि एका सकाळी चाळीस हजार माणसं हातात कोऱ्या चिठ्ठ्या धरून त्यांच्यामागून चालली. त्या मोर्च्याचा फोटो शाळेच्या पुस्तकात आहे. सगळ्यांत पुढे काका, हात उंच, हातात कोरा कागद, आणि डोळे बारीक केलेले, कारण चष्मा नाही. जन्मभर चष्म्याशिवाय पाऊल न टाकणारा माणूस, त्याच दिवशी चष्मा कुठे गेला, यावर विद्वानांनी बरीच शाई खर्च केली आहे. कोणी म्हणे पोलिसांनी फोडला, कोणी म्हणे त्यांनी मुद्दाम काढून ठेवला, शत्रूचा चेहरा दिसू नये म्हणून. विद्वानांना काय, जागा रिकामी दिसली की बसलेच.

"ताई, लढ्याचं सगळं आहे आमच्याकडे," लेखक म्हणाला. "भाषणं, खटले, सगळं. आम्हाला घरातले काका हवेत. तुमच्याशी कसे वागायचे, खेळायचे का, गोष्टी सांगायचे का."

ताईनं चहा पुढे केला आणि आठवू लागली. खरं सांगायचं तर तिला आठवण्याचे कष्ट नव्हते, कारण आठवणी होत्याच मुळी चार. दाराबाहेर माणसांची रांग आणि आत काकांची पाठ. आईचं "हळू बोला रे, काका लिहितायत." तुरुंगाच्या जाळीमागून त्यांनी विचारलेलं, "ही कितवीत आहे आता?" आणि अंत्ययात्रेत लोटालोटीत ती आणि धाकटा भाऊ मागे मागे ढकलले गेले, तिसऱ्या रांगेत पोचले, आणि तिथून दोघांनी आपल्या बापाला शेवटचं पाहिलं, म्हणजे फुलं पाहिली. तेव्हा ती सतरा वर्षांची होती, धाकटा चौदाचा.

"फार कामात असायचे," ताई म्हणाली.

"हो, ते तर झालंच. पण एखादा प्रसंग?"

"घरात फारसे नसायचे."

मुलीनं पेनाचं टोपण लावलं. अगदी हळूच लावलं, बिचारीनं, पण ताईला तो टक आवाज ऐकू आला. लेखक खोलीभर नजर फिरवत होता. टेबलावर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे पाहून त्यानं नजर काढून घेतली आणि चहा संपवायच्या घाईला लागला. ही माणसं आता उठणार, जिना उतरताना एकमेकांना सांगणार, "काही हाती लागलं नाही. मुलीला बापाबद्दल काहीच ठाऊक नाही." आणि ते खरंच होतं, म्हणूनच ताईला ते सहन होईना. साठी उलटलेल्या बाईला नऊ वर्षांच्या पोरीसारखी लाज वाटली, वर्गात सगळ्यांनी वडिलांवर निबंध लिहावा आणि आपलीच वही कोरी निघावी तशी.

"एकदा त्यांनी मला सायकल शिकवली होती," ती म्हणाली.

टोपण निघालं.

आता ताईच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. नवशिका कारागीर कवळी करतो तेव्हा सगळेच्या सगळे दात सरळ, शुभ्र, एका उंचीचे लावतो. ती कवळी दहा पावलांवरून कळते. ताई कधी तसं करत नसे. पुढचा एखादा दात ती किंचित वळवून बसवायची, सुळ्यापाशी जरा पिवळट झाक द्यायची, कुठे बारीकशी फट ठेवायची. तिच्या कवळ्या घालणाऱ्यांचे दात खोटे आहेत हे त्यांच्या नातवंडांनासुद्धा कळत नसे. दात खरा वाटायचा असेल तर त्यात खोट हवी, हे तिच्या बोटांना इतकं पाठ झालं होतं की डोक्याला विचारावंच लागत नसे.

त्या दुपारीही बोटांनीच काम केलं म्हणायचं. नुसती सायकल शिकवली एवढ्यावर ती थांबली असती तर गोष्ट तिथेच मेली असती. पण ताईनं सांगितलं, की सायकल छापखान्यातल्या एका खिळेजुळाऱ्याची होती, मोठ्या माणसाची, आणि तिची घंटी वाजायच्या ऐवजी खडखडायची. की तेव्हा आपण नऊ वर्षांच्या होतो, पहाट होती, सभागृहामागच्या मोकळ्या जागेत दुसरं कोणी नव्हतं. की काका सीट धरून मागून धावत होते आणि त्यांना धाप लागत होती, मोडलेल्या बरगड्यांमुळे. आणि मग, पुढचा दात किंचित वळवावा तशी, तिनं ती खोट बसवली: धावताना त्यांचा चष्मा पडला आणि त्यांच्याच पायाखाली येऊन चुरडला. ते हसले. तेवढ्यात माणसं त्यांना शोधत आली, आणि ते तसेच, चष्म्याशिवाय, मोर्च्याला गेले. सायकल शिकायची राहूनच गेली. राहूनच जायला हवी होती, कारण ताईला सायकल येत नव्हती.

लेखकाचा कप हातातच राहिला. "म्हणजे तो फोटो..."

"हो," ताई म्हणाली. "तोच दिवस."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. वहीत 'आधार' म्हणून एक रकाना होता, प्रत्येक प्रसंगाला कागदाचा नाहीतर माणसाचा आधार लागायचा. तिथे तिनं लिहिलं, 'थोरली मुलगी, समक्ष', आणि ताईनं खाली सही केली. जाताना लेखक दोन्ही हात जोडून उभा राहिला. जिन्यावरून त्यांचं उत्साहानं बोलणं बराच वेळ वर येत राहिलं. ताईनं कप विसळले. खोटं बोलल्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. उलट सायकल, पहाट, मागून येणारी धाप, हे सगळं दोन-तीन दिवस तिला पुरलं. कोणाचं काय जातं, असंच तिला वाटलं.

धाकट्याची आठवण तिला तेव्हा झाली नाही, हे नवलच. कारण तिच्या आयुष्यात आता माणूस म्हणून तो एकच उरला होता.

धाकटा आठ तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावी राहायचा. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता निवृत्त. बायको चार वर्षांमागे गेली, मूलबाळ नाही. दर रविवारी अकराच्या ठोक्याला त्याचा फोन यायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं.

"काय ताई, काकांची काही खबर?"

"सभा चालू आहे."

"बरं. मग बसू बाहेर."

काका जाऊन शेहेचाळीस वर्षं झाली होती आणि हा विनोद तितकाच जुना होता. अंत्ययात्रेच्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या धाकट्यानं तो पहिल्यांदा केला होता आणि दोघं तोंडावर पांघरूण घेऊन, आईला कळू नये म्हणून, पोट दुखेपर्यंत हसली होती. बाहेरच्या कुणाला हे सांगायची सोय नव्हती. ज्या माणसानं लाखोंना ताठ मानेनं चालायला शिकवलं, त्यानं आपल्याकडे कधी पाहिलं नाही, असं कोणापुढे बोलणार? कृतघ्न म्हणून लोकांनी जोड्यानं मारलं असतं. ते फक्त दोघांना ठाऊक होतं, आणि दोघांना ठाऊक होतं म्हणून ते सोसता येत होतं. त्यानंतर लिफ्टच्या गोष्टी, गुडघे, भाजीत मीठ जास्त पडलं की कमी. पाऊण तासानं फोन ठेवला की ताईचा आठवडा सुरू व्हायचा.

सायकलचा भाग सात-आठ महिन्यांनी एका शनिवारी संध्याकाळी सात वाजता लागला. ताईनं काम आवरून टीव्ही लावला. काकांचं काम करणारा नट काकांपेक्षा देखणा होता, ते एक असो. पण तो धावला छान. सीट धरून, वाकून, बरगडीवर एक हात दाबून. सायकलवरची पोरगी खदाखदा हसत होती. चष्मा पडला, काच फुटली, नट त्या तुकड्यांकडे बघून असा हसला की ताईला क्षणभर ते खरंच घडलेलं वाटलं. आपणच घडवलेला दात आपल्यालाच चावावा, तसं झालं. खाली पट्टी आली: 'कुटुंबीयांच्या आठवणीवर आधारित.'

पाच मिनिटांत फोन वाजायला लागला. तिन्ही दंतवैद्य, खालची शेजारीण, शाळेतली एक मैत्रीण जी मेली असं ताई समजत होती. सगळ्यांचं एकच, "किती भाग्यवान गं तू!" ताई "हो, हो" म्हणत राहिली.

रविवारी अकराला फोन वाजला नाही.

सव्वाअकरा झाले. ताईनं फोन उचलून चालू आहे ना ते पाहिलं. बारा झाले, एक झाला. टेबलावर अर्धी कवळी मेणात तशीच पडून होती. सोमवार, मंगळवार तिनं काढले. त्याला बरं नसेल, लाइन बिघडली असेल, अशी स्वतःची समजूत घालत राहिली. खरं कारण तिला रविवारीच कळलं होतं, फक्त तिकडे बघायचं धाडस होत नव्हतं. पुढच्या रविवारीही अकरा वाजून गेले तेव्हा मात्र तिला राहवेना. हा एक आवाज गेला तर आपल्याला या जगात नावानं नाही पण नात्यानं हाक मारणारं कोणी उरणार नाही, हे तिला लख्ख दिसलं. तिनं नंबर फिरवला.

"हॅलो," धाकटा म्हणाला. आवाज नेहमीचाच, पण काकांची खबर त्यानं विचारली नाही.

"अरे, फोन नाही केलास. दोन रविवार झाले."

"हो. जरा राहून गेलं."

"बरा आहेस ना?"

"बरा आहे." मग तो म्हणाला, "पाहिलं मी ते. सायकलचं."

"धाकट्या, ऐक..."

"नाही, चांगलं होतं. मला आनंद झाला. खरंच. तुला तरी मिळालं." तो खाकरला. "फक्त एवढंच वाटलं, की शेहेचाळीस वर्षं तू माझ्याबरोबर हसत होतीस. आपल्याला दोघांनाही काही मिळालं नाही म्हणून. तेव्हा तुझ्याकडे हे होतं, आणि तू बोलली नाहीस."

"काही नव्हतं माझ्याकडे," ताई म्हणाली. तिनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "खोटं आहे ते सगळं. मी रचून सांगितलं. ती माणसं आली, वही मिटायला लागली, आणि मला लाज वाटली. काकांनी मला कधी सायकल शिकवली नाही. शपथ घेऊन सांगते."

मग धाकटा हसला, अगदी मायेनं. "ताई, किती वर्षं माझी समजूत घालणार आहेस तू? मी साठीला आलो."

"समजूत नाही रे! खरं सांगतेय. मला सायकल येते का, सांग तू."

"नाही येत. अर्धवटच राहिली ना शिकायची? माणसं आली, काका गेले. दाखवलंय की त्यांनी."

स्वतः लावलेली कडी आता आतून उघडत नव्हती. "आणि चष्म्याचं मला काही ठाऊक नाही. कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नाही. मी तिथे तो बसवला, बस."

"असं कोणाला सुचतं होय, त्यांच्याच पायाखाली चष्मा येणं? खोटं सांगणारा माणूस म्हणेल, पोलिसांनी फोडला." धाकट्याचा आवाज हळू झाला. "आणि मला आठवतंय ताई. त्या दिवशी पहाटे मी उठलो तर तू अंथरुणात नव्हतीस. मी घाबरून रडलो होतो. आई म्हणाली, येईल ती. इतकी वर्षं मला कळत नव्हतं तू कुठे गेली होतीस."

"दुधाच्या रांगेत गेले असेन."

"त्या दिवशी दूध कुठलं? शहर बंद होतं."

ते बरोबर होतं. शहर बंद होतं. मग आपण पहाटे कुठे गेलो होतो? ताईनं खूप ताण दिला, पण काही आठवेना. जिना आठवेना, रस्ता आठवेना. नऊ वर्षांची एक मुलगी त्या सकाळी कुठे तरी एकटी होती, आणि कुठे, ते सांगायला आता कोणी नव्हतं.

"मी रागावलो नाही गं," धाकटा म्हणाला. "आधी रागावलो होतो, आठवडाभर. पण मग वाटलं, तू नऊ वर्षांची पोर. जपून ठेवलंस. माझ्यासमोर काढलं असतंस तर मला त्रास झाला असता, म्हणून नाही काढलंस. तुझा स्वभावच तो. जाऊ दे. माझ्या मनात काही नाही."

जे तिला कधी मिळालंच नव्हतं, त्याबद्दल तो तिला माफ करत होता. ताईला ओरडावंसं वाटलं. ओरडून तरी काय सांगणार होती? खरं सांगून झालं होतं, आणि त्यानं ते तिच्या चांगुलपणाच्या खात्यात टाकलं होतं.

"ताई," धाकटा म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम बारीक झाला, चौदा वर्षांच्याही आधीचा. "एक विचारू? मालिकेत ते धावतात ना, सीट धरून, तेव्हा गाणंच वाजवलंय नुसतं. काय बोलत होते गं काका? तू तर ऐकलं असशील. माझं काही... म्हणजे, सहज. माझा काही विषय निघाला होता का?"

ताईनं डोळे मिटले. 'नाही' म्हणणं सोपं होतं, आणि ते खरंही होतं. पण त्या 'नाही'चा अर्थ त्याच्यापर्यंत काय पोचला असता? की काका धावले, हसले, एका पोरीसाठी चष्मा फोडून घेतला, आणि दुसऱ्या पोराचं नावही त्यांच्या तोंडी आलं नाही. निदान आजवर बाप दोघांनाही सारखंच विसरलेला होता.

"निघाला होता," ती म्हणाली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, धाकट्याचे पाय पुरायला लागले की त्यालाही आणू इथे. आणि म्हणाले, तो तुझ्याहून लवकर शिकेल. त्याला पडायची भीती नाही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "असं म्हणाले? पडायची भीती नाही असं?"

"हो."

"खरंच नव्हती गं मला. त्यांच्या लक्षात आलं होतं म्हणजे." तो रडत होता आणि हसतही होता. "अगं, मी तीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो, एकदा घाबरलो नाही. बघ. म्हणजे बघत होते ते आपल्याकडे."

"बघत होते," ताई म्हणाली.

मग तो खूप बोलला. गुडघ्याचं, शेजाऱ्याच्या नव्या लिफ्टचं, मालिकेतला नट काकांपेक्षा बुटका कसा आहे त्याचं. पाऊण तासाचा सव्वा तास झाला. पुढच्या रविवारी अकराला नक्की करतो म्हणाला, तोवर अजून काही आठवलं तर लिहून ठेव म्हणाला. ताई ऐकत होती. आवाज परत आला होता, रविवार परत आला होता, आणि तिला मात्र त्या आवाजापर्यंत पोचता येत नव्हतं. काकांशिवाय वाढलेली दोन पोरं होती, त्यातलं एक आज बापाच्या घरी निघून गेलं, आणि तिनंच त्याला दार उघडून दिलं होतं.

"ताई," फोन ठेवता ठेवता धाकटा म्हणाला, "काकांना आपण फारच बोललो गं इतकी वर्षं."

"हो रे," ताई म्हणाली. "फारच बोललो."